सिनेमातले आठ एकर

गुरुशांतप्पा अण्णांवर सिनेमा निघाल्याची बातमी खटकचिंचोळीच्या बाजारात आली, तेव्हा लोकांचा पहिला प्रश्न होता, अण्णांचं पोट कोण करणार. अण्णा गावात यायचे तेव्हा जीपमधून आधी पोट उतरायचं, मग अण्णा. पाच वेळा निवडून आले, दोनदा पडले, चार वर्षं मंत्री राहिले आणि शेवटी हैदराबादच्या दवाखान्यात वारले. त्याला तीन वर्षंही झाली नव्हती. सिनेमा काढला होता त्यांच्या मुलानं, लिंगराजनं. दोन हजार आठ सालचा जानेवारी चालू होता आणि उन्हाळ्यात निवडणूक येणार असं सगळेच बोलत होते. त्यामुळं मुलाला बापाची आठवण नेमकी आत्ताच का आली, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

बाजारापासून कोसभर आत धनगरवाडी आहे. तिथं ही बातमी तिसऱ्या दिवशी पोचली आणि ती घेऊन आला पिराप्पाचाच पुतण्या, महांतेश. पिराप्पा अंगणात बसून शेळीच्या खुरातला काटा काढत होता. एकेकाळी त्याची दीडशे मेंढरं होती. आता दोन शेळ्या उरल्या होत्या, त्यांतली एक लंगडी. महांतेशचा बाप, म्हणजे पिराप्पाचा धाकटा भाऊ, पंचवीस वर्षांपूर्वी बीदरला शिपाई म्हणून लागला आणि तिथल्याच मैलूर भागात घर करून राहिला. पोरगा तिथंच वाढला, बी.ए. झाला आणि आता लिंगराजच्या मागंपुढं फिरत होता. मागं जास्त, पुढं कमी.

महांतेश म्हणाला, "काका, सिनेमात तुम्ही हाव."

पिराप्पानं काटा शोधणं चालू ठेवलं. महांतेशनं मग सगळं सांगितलं. अण्णांच्या आयुष्यातले जे मोठे प्रसंग निवडले त्यांत तलावाचा प्रसंग आहे, तलावात पिराप्पा आहे आणि पिराप्पाचं काम बेंगळूरच्या नटानं केलंय. रविवारी भालकीच्या टॉकीजला बाराचा पहिला खेळ. खेळ संपला की स्टेजवर सत्कार. लिंगराजसाहेबांनी स्वतः नाव घेऊन सांगितलंय, पिराप्पामामा पाहिजेतच. वाडीसाठी जीप येईल, दोन फेऱ्या करील.

कोंडाबाई चुलीपुढून बाहेर आली. तिनं नवऱ्याला नाही, पुतण्याला विचारलं, "आन् मी? मी कोन केलीय?"

"काकू, तुमचं काम लई गोऱ्या बाईनं केलंय."

"मंग बरं हाय," कोंडाबाई म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

आता तलावाचं सांगायला पाहिजे, कारण पिराप्पाची गेली चोवीस वर्षं त्या तलावातच गेली होती, आणि तलावात पाणी असं कधी फारसं नव्हतं. चौऱ्याऐंशी साली वाडीच्या वरच्या अंगाला पाझर तलाव करायचं ठरलं. बांध जिथं पडणार होता तिथं पिराप्पाची चार एकर होती. जमीन म्हणावी तर माळच, पण दीडशे मेंढरं बसवायला तेवढीच जागा. पिराप्पा हटून बसला. तेव्हा अण्णा स्वतः वाडीत आले, बिरोबाच्या देवळापुढं बैठकीत बसले आणि पाच पंचांसमोर शब्द दिला, की जेवढी जाईल तेवढी पलीकडच्या गायरानातून तुझ्या नावावर करून देतो. पिराप्पानं मान हलवली. बांध झाला. गायरानातली जमीन काही झाली नाही. तलाव तिसऱ्या पावसाळ्यात एका कडेनं फुटला तो फुटलाच. मेंढरं थोडी थोडी करून गेली. मुलगा मल्लेश पुण्याला बिल्डिंगीच्या कामावर गेला आणि तिकडंच राहिला. पाच पंचांतले चार देवाघरी गेले. अण्णाही गेले.

राहिला तो पिराप्पाचा अर्ज. तो तालुक्याच्या कचेरीत या कपाटातून त्या कपाटात फिरत होता. आणि गंमत अशी, की सगळ्यांनी आशा सोडल्यावर नवीन आलेल्या कुणा साहेबानं धूळ झटकून तो वर काढला होता. सुनावणीची नोटीस आली होती. बैठकीतला एखादा साक्षीदार जिवंत असेल तर त्याला घेऊन या, असं तीत लिहिलं होतं. जिवंत एकच होता, भीमण्णा. पिराप्पाहून चार वर्षांनी मोठा, नात्यानं चुलतभाऊ, गुडघ्यांनी अधू. तो येतो म्हणाला होता. रविवारपासून मोजलं तर सुनावणीला अकरा दिवस होते.

रविवारी जीपच्या पहिल्या फेरीत पिराप्पा, कोंडाबाई, भीमण्णा आणि इतर नऊ जण बसले. जीप सात जणांची होती. भालकीत टॉकीजवर अण्णांचा पुठ्ठ्याचा भला मोठा पुतळा उभा केला होता. त्याला पोट नव्हतं. ते पाहून भीमण्णा म्हणाला की अण्णा वर गेल्यावर त्यांची तब्येत सुधारलेली दिसते.

आत बसल्यावर कुणाचं लक्ष कुठं आहे ते पिराप्पाला मागच्या रांगेतून चांगलं दिसत होतं. पहिल्या दोन रांगांत साखर कारखान्याचे, सोसायटीचे, बँकेचे लोक. ज्यांनी अण्णांना दोनदा पाडायला जिवाचं रान केलं ते सगळ्यांत पुढं. मधल्या रांगांत शाळामास्तर, त्यांना यावंच लागतं. मागं वाड्या-तांड्यांवरची माणसं, जीपमधून आणलेली. टाळ्या पुढून सुरू व्हायच्या आणि मागं यायला थोडा वेळ लागायचा.

सिनेमा कानडीत होता, तेही बेंगळूरकडच्या. अण्णा आयुष्यभर या लोकांशी मराठीत बोलले, रागावले की दखनीत शिव्या दिल्या आणि कानडी फक्त विधानसभेसाठी राखून ठेवली. पडद्यावर मात्र ते सकाळी उठून आईशीसुद्धा पुस्तकासारखं बोलत होते. गाव होतं ते नारळाच्या झाडांचं. आपल्या मुलखात नारळ देवळात फोडायला मिळतो, तेवढाच. मेंढरं दिसली तेव्हा मागच्या रांगा पहिल्यांदा जाग्या झाल्या, कारण मेंढरं पांढरीशुभ्र होती आणि त्यांच्या गळ्यात घुंगरं होती. धुतलेली असतील, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, धुऊन काळं मेंढरू पांढरं होतं व्हय रे, ही भाड्यानं आणलेली हायत.

मग पिराप्पा आला. म्हणजे बेंगळूरचा पिराप्पा. डोक्याला लाल पटका, अंगात मांस, दात सगळे शाबूत. त्याच्या शेजारी गोरी कोंडाबाई, नाकात एवढी मोठी नथ. खऱ्या कोंडाबाईनं पदराआड तोंड नेलं. तिला हसू येत होतं की काय, ते कळलं नाही. पडद्यावरचा पिराप्पा हटून वगैरे काही बसला नाही. अण्णांना बघताच धावत गेला, पायांवर पडला आणि गावासाठी माझी चार एकर घ्या म्हणून रडू लागला. अण्णाही रडले. वाद्यं वाजली. मग अण्णांनी खिशातून कागद काढला आणि सांगितलं की तू चार दिलीस, मी तुला आठ देतो. गोऱ्या कोंडाबाईनं कागद कपाळाला लावला. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या, मग मधल्यांनी, मग मागच्यांनी. वाडीच्या लोकांनीही वाजवल्या. पिराप्पाच्या शेजारच्यानं तर जोरात वाजवल्या आणि मग वळून त्याच्याकडं बघितलं.

"आठ एकर, पिराप्पा? कुठं लपवलीस?"

पिराप्पाला राग आला नाही. राग यायलाही अंगात थोडं बळ लागतं. त्याला एवढंच वाटलं, की इतकं सोपं होतं तर अण्णांनी खरंच खिशातून कागद काढायला काय हरकत होती. एका मिनिटात झालं असतं. आत्ता बघितलं, एका मिनिटातच झालं.

मध्यंतरात चहाच्या टपरीपुढं कचेरीतला कारकून भेटला. पिराप्पाचा अर्ज ज्याच्या टेबलावर असतो तोच. भला माणूस. त्यानं पिराप्पाला चहा पाजला आणि हसत हसत विचारलं, मामा, आता सुनावणीला काय म्हणणार? सगळ्या भालकीनं बघितलं, तुम्हाला आठ मिळाली. पिराप्पा म्हणाला, त्या बेंगळूरवाल्याला मिळाली, त्याच्याकडं वसुलीला जा. कारकून हसला. पण मग आवाज खाली आणून म्हणाला, की साक्षीदार घेऊन या तेवढा. कागद काहीच नाही तुमच्याकडं. साक्षीदार नसला तर साहेब चांगले असले तरी काही करू शकत नाहीत.

खेळ संपला तेव्हा अडीच वाजून गेले होते. दिवे लागले, पडद्यापुढं टेबल आलं, माईक आला. लिंगराज बोलला. बापापेक्षा चांगला बोलला, कमी बोलला. मग नावं पुकारली गेली. नटाचा सत्कार, दिग्दर्शकाचा सत्कार, त्यांना शाली. टॉकीजचे मालक राघोबा बाजूला उभे होते. त्यांची शाल टेबलावर घडी करून तयार होती. त्यांच्याआधी पुकारा झाला, "अण्णांच्या हाकेला धावून गेलेले, धनगर समाजाचे ज्येष्ठ, पिराप्पामामा."

पिराप्पा रांगेतून बाहेर आला. स्टेजच्या चार पायऱ्या चढला. आणि मग त्याला दिसलं की महांतेश दोन्ही हातांवर ताट घेऊन येतोय. ताटात भंडाऱ्याची वाटी होती आणि नवी काळी घोंगडी.

महांतेशचं तोंड अभिमानानं फुललं होतं. ही कल्पना त्याचीच होती. सगळ्यांना शाली, पण आपल्या काकाला आपल्या समाजाचा मान, असं त्यानं साहेबांना सुचवलं होतं. साहेबांना ते फार आवडलं होतं. औराद तालुक्यात दोन दिवस फिरून हातमागावरची घोंगडी त्यानं शोधून आणली होती. लहानपणी आजोबांकडं आला असताना त्यानं एकदा पाहिलं होतं, की देवळापुढं एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली, कपाळाला भंडारा लावला, सगळ्यांनी गूळ खाल्ला आणि सगळे खूश झाले. पोरानं बघितलं ते बरोबरच होतं. फक्त त्याआधी दिवसभर काय चाललं होतं, ते बघायला तो नव्हता.

वाडीच्या बैठकीत वाद मिटला की ज्याचं नुकसान झालं असेल त्याच्या खांद्यावर समोरच्यानं आपल्या हातानं नवी घोंगडी टाकायची असते. ती टाकून घेतली की संपलं. मग तो माणूस, त्याची लेकरं, बैठकीला बसलेले पंच, कुणीही त्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. कोर्टात नाही, कचेरीत नाही, बायकोपाशीही नाही. त्यामुळं वाडीत सत्काराला घोंगडी देत नाहीत. टोपी देतात, नारळ देतात.

लिंगराजनं घोंगडी उचलली. त्यानं ती झटकून पूर्ण उघडली, तेव्हा मागच्या रांगांतला बोलण्याचा आवाज बंद झाला. फक्त मागच्या. पुढच्या रांगांत लोक घड्याळ बघत होते. अण्णांच्या शब्दाचा वाद, अण्णांचा मुलगा आणि त्याच्या हातात घोंगडी. जुळवायचं म्हणून कुणी जुळवलं असतं तरी इतकं नेमकं जुळलं नसतं. दुसऱ्या रांगेच्या कडेला, गुडघ्यांमुळं पुढं बसवलेला भीमण्णा होता. पिराप्पानं त्याच्याकडं बघितलं. भीमण्णानं त्याच्याकडं बघितलं नाही. तो आपल्या काठीच्या टोकाकडं बघत होता.

आणि पिराप्पाला, खरं सांगायचं तर, ती घोंगडी घ्यावीशी वाटली. जाड होती, चांगल्या लोकरीची. ती खांद्यावर पडली की उद्या कचेरीत जायचं नाही. मंगळवार असो की शुक्रवार, एस.टी.च्या थांब्यावर उभं राहायचं नाही. साहेब आज नाहीत, हे ऐकायचं नाही. मल्लेशनं फोनवर, अप्पा, सोडा की आता, असं म्हणायचं नाही, कारण सुटलेलंच असेल. चोवीस वर्षं एवढं सोपं दार त्याला कुणी दाखवलं नव्हतं. त्याची मान खाली गेली. लिंगराज एक पाऊल पुढं आला.

मान खाली गेली तेव्हा त्याला टेबल दिसलं. टेबलावर राघोबांची शाल होती.

"साहेब," पिराप्पा म्हणाला, "शाल असली तर द्या. घोंगडी नको."

माईक जवळच होता. ते सगळ्या टॉकीजला ऐकू गेलं. लिंगराज गडबडला, मग हसला. म्हातारा माणूस आहे, गरम होत असेल, असं काहीतरी तो दिग्दर्शकाला म्हणाला. महांतेशनं दबक्या आवाजात विचारलं, "काका, कामून? खास तुमच्यासाठी आणलीय."

"म्हाईत हाय रे बाबा. शाल दे."

शेवटी राघोबांची शाल उचलून पिराप्पाच्या खांद्यावर गेली. पातळ, चकचकीत, दोन धुण्यांत जाईल अशी. ती कशालाच बांधत नव्हती. पिराप्पानं हात जोडले आणि चारही पायऱ्या उतरून खाली आला. आता टेबलावर सत्कार एक आणि घोंगडी एक राहिली होती. म्हणून ती राघोबांना घालण्यात आली, वर भंडाराही लावला. तसा मागच्या रांगांत असा हशा उठला, की सिनेमाभर उठला नव्हता. राघोबांचा कुणाशी काय वाद होता देव जाणे, पण तो मिटला, असं एक म्हातारी म्हणाली. पुढच्या रांगांनी मागं वळून बघितलं आणि माणसं खूश आहेत असं समजून टाळ्या वाजवल्या.

परत न्यायला जीप नव्हती. ती नटाला घेऊन बीदरच्या हॉटेलाकडं गेली होती. महांतेश टॉकीजच्या दारात गाठ पडला. त्याचे डोळे लाल झाले होते. साहेब काही बोलले नाहीत, पण त्यांच्या माणसांनी त्याला बोलून घेतलं होतं. आपल्याच काकानं चारचौघांत तोंडावर पाडलं, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. पिराप्पाच्या अंगात समजावून सांगायची ताकद नव्हती. कोंडाबाईनंच भिंतीला टेकून त्याला सगळं सांगितलं, घोंगडी कधी टाकतात, कोण टाकतं, टाकल्यावर काय होतं.

महांतेश म्हणाला, "मला कुनी सांगितलंच न्हाई, काकू."

"तुझ्या बापानं मैलूरला घर बांधलं. तिथं कोन बैठक बसवायलंय? तुझी चूक न्हाई," कोंडाबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, "साहेबाला सांगनार हाईस का आता?"

त्यानं मान हलवली. नाही म्हणून की काय ते त्यालाही ठरवता आलं नसावं. तो पुन्हा आत गेला. खुर्च्या उचलायच्या राहिल्या होत्या.

भालकीच्या स्टँडवर उदगीरकडं जाणाऱ्या दोन गाड्या लागून गेल्या. वाडीच्या बाजूची आली नव्हती. तिघं सिमेंटच्या बाकावर बसले, मधे भीमण्णा, कारण त्याला पाय लांब करायला दोन्हीकडं टेकू लागायचा. वाडीची इतर माणसं पलीकडं शेंगा खात सिनेमाबद्दल बोलत होती. त्यांना सिनेमा आवडला होता. अण्णा मेल्याचा प्रसंग चांगला झाला, असं सगळ्यांचं मत पडलं. त्यांच्यातली एक बाई तर अण्णांना मत न देताच दोनदा रडली होती.

पिराप्पाला एक गोष्ट विचारायची होती आणि तिचं उत्तर काय येईल याची त्याला खात्री नव्हती. शेवटी तो म्हणाला, "भीमण्णा, येतोस न्हवं?"

भीमण्णानं काठी मांडीवर आडवी घेतली. पुतळ्याच्या पोटाची चेष्टा करणारा भीमण्णा हा नव्हता.

"खरं सांगू पिराप्पा? तुझी मान खाली गेली, आन् मी मनात म्हनलो, सुटलो. आता ते जिने न्हाईत, ती शपथ न्हाई, वकिलाचं वाकडंतिकडं इचारनं न्हाई. चार जनं तिकडं आरामात पडलेत, आन् पाचव्याला उभं करायलेत." त्यानं गुडघ्यावरून हात फिरवला. "मग तू शाल मागितलास."

"मलाबी सुटायचं होतं," पिराप्पा म्हणाला.

"दिसलं मला."

कोंडाबाई दोघांकडं न बघता म्हणाली की तुम्ही दोघंही सुटला असता, आणि मग घरात मला कुणी तोंड दाखवलं असतं. तिच्या आवाजात चीड नव्हती. पहाटेपासून ती उठलेली होती, आणि घरी गेल्यावर शेळ्यांची धार तिलाच काढायची होती.

गाडी आली. ती भरून आली होती, पण कंडक्टर ओळखीचा होता. भीमण्णाला आधी चढवायचं म्हणून पिराप्पानं त्याची काठी घेतली. पायरीवर एक पाय ठेवून भीमण्णा थांबला. मागचे लोक ढकलायला लागले तरी हलला नाही.

"ती सुनावनी वरच्या मजल्यावर व्हय?"

"दुसऱ्या."

भीमण्णानं मनाशी काहीतरी मोजलं. "मंग पहिल्या गाडीनं जाऊ. मधी मधी बसत चढावं लागंल," तो म्हणाला आणि पिराप्पाच्या खांद्यावर सगळा भार टाकून वर चढला.